भांडं रिकामं पाठवू नये

३ नोव्हेंबर, सोमवार

आज वाघोलीला राहायला आले. माझ्या लेकानं, साईनाथनं, अकराव्या मजल्यावर घर घेतलंय. माणसानं एवढ्या वर कशाला राहावं ते मला कळत नाही, आमच्याकडं एवढ्या वर फक्त घारी असतात. पण घर चांगलं आहे. उजेड भरपूर, वारा भरपूर, ओटा माझ्या उंचीचा. लिफ्टमध्ये आरसा लावलाय. अडुसष्ट वर्षांत मी स्वतःला एवढा वेळ कधी बघितलं नव्हतं. विशेष काही नाही दिसत.

ही वही नातीनं दिली. नाव प्रियदर्शनी, आम्ही प्रिया म्हणतो. म्हणाली, आजी, तुझी जीभ दिवसभर चालते, तिला जरा सुट्टी दे आणि हात चालव. बोलण्यात माझ्यावर गेलीये. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर गावात असतील तेव्हा. अक्षर डोंगळ्यांच्या रांगेसारखं येतं, पण वाचता येतं.

आमचे मालक हिंमतराव गेल्या वर्षी वारले. शिरूरकडच्या मळ्यात मी एकटीच होते. लेक म्हणाला, आता पुरे. सून शेफाली नोकरीला जाते. साईनाथची ही दुसरी बायको. बरी आहे, मला 'आई' म्हणते. पहिली 'आत्याबाई' म्हणायची. पहिलीचं नाव भाग्यश्री, ती प्रियाची आई. प्रिया तीन महिन्यांची असताना मळ्यातल्या विहिरीत पडून गेली. मी तेव्हा शेतात होते. त्याला बावीस वर्षं झाली. वहीत घरातली माणसं लिहावीत म्हणून लिहिलं.

प्रियाचं लग्न फेब्रुवारीत आहे. मुलगा कर्वेनगरचा, आमोद. बोलतो कमी, जेवतो नीट. चालेल.

पाणी इथं टँकरचं. रोज अकराला येतो, फाटकापाशी जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडून ओततो, मग ते पंपानं वर चढतं. आमच्या विहिरीचं पाणी सोडून मी हे विकतचं पिते. नशीब.

संध्याकाळी बाजरीच्या भाकरी केल्या. शेफाली म्हणाली, आई, गॅसवर जमेल ना? बाई गं, माझी भाकरी आजवर करपलेली नाही. चुलीवर नाही आणि गॅसवरही नाही. चारही जणांनी बोटं चाटली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

खाली बागेत एक बाई भेटल्या, श्यामलाबाई. शाळेत इतिहास शिकवायच्या. कर्वेनगरची त्यांची इमारत पाडून नवी बांधतायत, तोवर इथं नवव्या मजल्यावर भाड्यानं आहेत. मी बाकावर बसले तर म्हणाल्या, अहो, हा बाक कोणाच्या नावावर नाही, पण मी रोज इथेच बसते. मी म्हणाले, मग बसा की, मी काय तुम्हाला मांडीवर घ्या म्हणाले का?

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि सरकून बसल्या. तेव्हापासून आमचं जमलंय. त्यांना किल्ले, देवळं, जुनी गावं बघायचं वेड. दगड बघितला की बोलायला लागतात. नवरा नाही, मूल नाही. म्हणाल्या, म्हणूनच पायांत जोर आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज प्रियानं नको तो विषय काढला. नवरीला मांडवात मामा आणतो. शेफाली म्हणाली, माझा भाऊ उभा राहील. प्रिया म्हणाली, त्याचा मान आहेच, पण माझ्या आईला सख्खा भाऊ आहे ना, श्रीनिवास नावाचा? मी म्हणाले, बावीस वर्षांत एकदा तरी उंबरा चढला का तो? ती म्हणाली, आजी, तूच चढू दिला नाहीस असं बाबा म्हणतात. बाबा हल्ली बरंच काही म्हणायला लागलेत.

मी ताटावरून उठले.

वहीला कान नाहीत, म्हणून लिहिते. साईनाथ तेव्हा अलिबागकडं कामाला होता. मी माझ्या भावाला शब्द दिला होता, तुझी लेक माझी सून. आणि यानं चौलच्या नारळ-सुपारीच्या वाडीतली पोरगी बघितली, सह्या करून लग्न केलं आणि दारात आणून उभी केली. अंगाला खाऱ्या वाऱ्याचा वास. भावानं भाऊबीजेला यायचं बंद केलं. मी दर वर्षी पाट मांडून, निरांजन लावून बसायचे. मेला, पण आला नाही. ज्या पोरीनं माझा भाऊ तोडला तिची मी काय आरती करायची होती?

तिची आई सोजरबाई. मी तिला दोनदाच बघितलं. पहिल्यांदा लेकीला बाळंतपणाला न्यायला आली. पितळी कडीचा डबा आणला होता, नारळाच्या वड्या भरून. वड्या ठेवून घेतल्या, मुलगी पाठवली नाही. दुसऱ्यांदा आली ती नात बघायला, आणि पोचली ती नेमकी पोर गेली त्याच वेळी. रडली नाही. स्वैपाकघरात येऊन उभी राहिली. टोपलीतल्या भाकरींकडं बघितलं, परातीतल्या पिठाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. जाताना एवढंच म्हणाली, माझा डबा द्या.

मी घासून, पुसून दिला. रिकामा. कोणाचं भांडं रिकामं परत पाठवू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे मला माझ्या आईनं शिकवलं होतं. ठाऊक होतं म्हणूनच रिकामा दिला.

आता ती म्हातारी जिवंत असली आणि मांडवात येऊन बसली तर? तिला त्या दिवशी काय दिसलं ते तिनं प्रियाला सांगितलं तर? मी या पोरीला हातावर वाढवलंय. जगात एकच माणूस आहे जे माझ्याकडं बघून हसतं. ते मी कोणाला देणार नाही.

खाली जाऊन श्यामलाबाईंना म्हणाले, मला समुद्र बघायचाय, चौल-रेवदंड्याला जाऊ या का? त्या एकदम खूश. म्हणाल्या, अहो मैनाबाई, दोन हजार वर्षांचं बंदर आहे ते! मला बंदराशी काय करायचंय? मला एक म्हातारी मेली का तेवढं बघायचंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पहाटे निघालो. श्यामलाबाईंनी भाड्याची गाडी ठरवली होती. ड्रायव्हर चार तासांत चार शब्द बोलला. त्या म्हणाल्या, पुण्यात असा माणूस मिळत नाही, नंबर घेऊन ठेवते. घाट उतरलो तशी हवा अंगाला चिकटायला लागली.

रेवदंड्याच्या किल्ल्याच्या वेशीतून गाडी सरळ आत जाते. आत किल्ला कमी आणि नारळी जास्त. काळा तट, त्याच्या फटींत पिंपळ. वाडीवाल्यांची घरं, वाळत घातलेली सुपारी, मधेच एखादी तोफ चिखलात तोंड खुपसून पडलेली. श्यामलाबाई प्रत्येक दगडापाशी उभ्या राहून वर्ग घ्यायच्या. इथं अरबांची गलबतं लागायची, घोडे उतरायचे, इथलं रेशीम तिकडं जायचं. मी विचारलं, एवढं मोठं बंदर, मग गेलं कुठं? म्हणाल्या, खाडी गाळानं भरली. मी म्हणाले, उपसायचा होता गाळ. म्हणाल्या, तुम्ही तेव्हा नव्हतात ना.

समुद्र बघितला. मोठा आहे. एवढं पाणी आणि घोटभर पिता येत नाही, म्हणजे श्रीमंत सोयऱ्यासारखाच झाला. श्यामलाबाईंनी चपला हातात घेऊन पाय भिजवले आणि लहान पोरीसारख्या ओरडल्या. मलाही ओढत होत्या. मी नाही गेले. दुपारी एका घरगुती खाणावळीत त्या सुरमई जेवल्या, मी वरणभात. काटे काढता काढता म्हणाल्या, तुम्ही फार गमावताय. खूप दिवसांनी मी मोठ्यानं हसले.

जेवल्यावर त्यांना पडक्या चर्चचा मनोरा बघायचा होता. मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. म्हणाले, मला चौलच्या बाजूला सावलीत सोडा, तासाभरानं घ्यायला या.

वाडी सापडली. साईनाथ सांगायचा तशीच, देवळाच्या मागं, तळ्याच्या पलीकडं. घराला कुलूप, कुलपाला गंज. अंगणात झावळ्या पडून कुजलेल्या. विहिरीवरचा रहाट मोडलेला. खोटं कशाला लिहू, पोटात गार वाटलं. बसलं यांचं घर. विहिरीच्या कठड्यावर टेकले आणि पाय मोकळे केले.

मागून एक म्हातारी आली. माझ्याहून थोराड, नऊवारी नेसलेली, काष्टा ओला. वाडी राखायला ठेवली असेल असं वाटलं. मी विचारलं, या घरची मालकीण कुठं असते? म्हणाली, इथंच. मुलगा अलिबागला राहायला गेला, त्याला ही विहीर सोसत नाही. मी विचारलं, मग एकटी करते काय ती दिवसभर? म्हणाली, एका भांड्याची वाट बघते. मी म्हणाले, वेड लागलं असेल. ती म्हणाली, हो, लागलं.

मग मी उगाच बोलून गेले, तुमच्याकडच्या पोरी माशासारख्या पोहत असतील. ती म्हणाली, आमच्या पोरींना कोण शिकवतं पोहायला? समुद्र पुरुषांचा. पोरींनी काठावर वाट बघायची. माझ्या पोरीला तर गुडघाभर पाण्याची भीती होती.

मला एकदम फार तहान लागली.

उठायला लागले तर तिनं पदराखालून एक पितळी कडीचा डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. आत नारळाच्या वड्या. म्हणाली, नातीचं लग्न आहे, न्या तोंड गोड करायला. भांडं तेवढं भरून पाठवा.

नातीचं लग्न मी तिला सांगितलं होतं का? सांगितलं असेल. माझं तोंड चालूच असतं.

श्यामलाबाई आल्या, निघालो. गाडीत डबा नीट बघितला. झाकणावर नाव घातलेलं होतं, भांडीवाले ठिपक्याठिपक्यांनी घालतात तसं, पण कोणीतरी घासून घासून पुसलेलं. पितळी डबे सगळे सारखेच असतात. वाटेत दोन वड्या खाल्ल्या. चांगल्या होत्या. तशा वड्या मी एकदाच खाल्ल्या होत्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल वड्या संपल्या. डबा धुतला, साखर भरून ठेवली. आपल्या घरात कोणाचं भांडं अडकवून ठेवू नये. पार्सलनं पाठवायचा विचार होता.

आज सकाळी झाकण काढलं तर साखर नाही. तळाशी ओंजळभर पाणी आणि काळी रेती. मुंग्या लागल्या नाहीत, कोणी हात लावला नाही. बोट घालून चाखलं. खारट.

चहाचं दूध फाटलं. दुसरं घेतलं, तेही फाटलं. शेफाली म्हणाली, टँकरवाल्यानं बोअरचं पाणी मिसळलं असणार, आपल्या ग्रुपवर तक्रार टाकते. खाली गेले तर श्यामलाबाई म्हणाल्या, आमचं पाणी गोड आहे हो. एकाच टाकीतलं पाणी, नवव्या मजल्याला गोड आणि अकराव्याला खारट?

त्यांना त्या म्हातारीचं विचारलं. म्हणाल्या, कुठली म्हातारी? मी आले तेव्हा तुम्ही एकट्याच विहिरीत वाकून बोलत होतात. म्हटलं, ऊन लागलं असेल. डबा? तो तुम्ही घरून आणलाय असं मला वाटलं.

मी विषय बदलला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

डब्यात गहू भरले. सकाळी काळे पडून कुजलेले. वर रेती.

झाकणावर ठिपके उठतायत. परवा काही नव्हतं. आज 'भा' वाचता येतो. चिंच लावून काथ्यानं घासला, बोटांची सालं निघाली. पितळ लखलखलं, आणि संध्याकाळी 'भाग्य'.

ती म्हातारी कोण होती ते मला कळलंय. तिथंच कळलं होतं. आता लिहून ठेवते, एवढंच.

पण म्हणून मी घाबरेन असं तिला वाटत असेल तर तिनं माणूस ओळखलं नाही. बावीस वर्षांपूर्वी स्वैपाकघरात उभी राहून माझ्याकडं बघत होती, तेव्हाही मी मान खाली घातली नव्हती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी डबा भंगारवाल्याला दिला. त्यानं माझ्यासमोर पायाखाली घेऊन चेपला, पोत्यात टाकला. वर आले. ओट्यावर डबा. चेपलेला नाही. खाली पाण्याचं गोल वर्तुळ.

पुन्हा उचलला आणि खाली कचऱ्याच्या मोठ्या पिंपात टाकून आले. लिफ्टच्या आरशात बघितलं तर माझ्या पदराचं टोक ओलं होतं. दार उघडलं. ओट्यावर.

२३ नोव्हेंबर, रविवार

प्रिया आणि आमोद आज न सांगता चौलला जाऊन आले. साईनाथला ठाऊक होतं. मला कोणी सांगितलं नाही.

पोरगी आनंदात. मामा सापडला. अलिबागला असतो, लग्नाला येणार, मांडवात हात धरून आणणार. तिला बघून रडला म्हणे. मग तिनं सांगितलं, सोजरआजी आईच्या पाठोपाठच गेली. मळ्यातून परत गेली त्याच दिवशी, रिकामा डबा पोटाशी धरून वाडीतल्या विहिरीत उतरली. बाई सापडली. डबा सापडला नाही. दोनदा गाळ उपसला, तरी नाही. मामा म्हणाला, ती एकच वाक्य बोलत होती, भरलेली लेक दिली होती, रिकामं भांडं आलं.

मी म्हणाले, ताटं वाढू का?

प्रिया पाणी प्यायला आत आली. ओट्यावरचा डबा उचलला, झाकण उजेडात धरलं आणि वाचलं. आजी, यावर माझ्या आईचं नाव आहे. 'चि. सौ. कां. भाग्यश्री हिस, आईकडून.' कुठं मिळाला तुला? मी म्हणाले, मळ्यातून आणला. ती डब्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, वाडीतल्या विहिरीचं पाणी प्यायले मी. इतकं गोड पाणी कधी प्यायले नव्हते, आजी. तेव्हापासून दुसऱ्या पाण्यानं तहानच भागत नाही.

तिची पावलं ओली होती. खोलीपर्यंत उमटत गेली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिया कामावर गेली नाही. अंग गार. घरातली सगळी भांडी पाण्यानं भरून ठेवतेय. बादल्या, पातेली, वाट्या, चहाचे कप. शेवटी चमचे. चमचे भरून जमिनीवर ओळीनं मांडले. शेफाली रडली. डॉक्टर म्हणाले, लग्नाचा ताण. गोळ्या दिल्या.

अकराला वॉचमन तिला दंडाला धरून वर घेऊन आला. टँकर आला होता, टाकीचं झाकण उघडं होतं, ही काठावर पाय सोडून बसलेली. तो म्हणाला, आजी, अजून थोडी वाकली असती तर आत गेली असती.

मी तिला पुसत होते. पुसते तरी ओलीच. ती माझ्याकडं बघून म्हणाली, आत्याबाई, पाणी फार गार आहे हो.

त्या नावानं मला या घरात कोणी हाक मारत नाही. तिला ते नाव कोणी सांगितलेलंही नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

झाकणावर दुसरी ओळ.

'चि. सौ. कां. प्रियदर्शनी हिस, आजीकडून.'

कोणत्या आजीकडून ते लिहिलेलं नाही.

श्यामलाबाईंना वर बोलावून दाखवलं. त्यांना दोन्ही ओळी दिसल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, मैनाबाई, ज्याचं भांडं असतं त्यालाच माहीत असतं त्यात काय भरायचं ते. तुम्हाला माहीत आहे का? मी म्हणाले, नाही.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. सोजरबाईनंही तेव्हा असंच बघितलं होतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मंगळसूत्राच्या वाट्या घातल्या डब्यात. कुंकू. खण. माझे केस कापून घातले. सकाळी रेती. नुसती रेती.

डब्याशी भांडले आज. म्हणाले, सूड माझ्यावर घे. मी इथं आहे ना, जाडजूड, समोर. पोर तुझीही नात आहे, सोजरे. तुझ्याच लेकीचं रक्त. तिला कशाला—

डब्यातून रहाटाचा आवाज आला. फिरत होता. पाणी चढत होतं.

नळ बंद आहेत. फरशीवर पाणी. प्रिया झोपेत तोंड उघडते, मिटते. माशासारखं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळ

साईनाथ आणि शेफाली मोठ्या डॉक्टरांची वेळ घ्यायला गेलेत. मी आणि प्रिया दोघीच. ती खोलीत झोपलीये. दोन दिवस पोटात काही नाही तिच्या, म्हणून तवा ठेवला, भाकरी टाकली. आणि लिहायला बसले. डबा समोर आहे.

त्यात काय भरायचं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तर घे.

त्या दिवशी मी शेतात नव्हते. मी चुलीपुढं होते. विहीर मागच्या दारापासून वीस पावलांवर. घागर वाजली, मग पाणी वाजलं. ती हाक मारायला लागली. आत्याबाई. आत्याबाई. मी म्हणाले, समुद्राकाठची आहे, येईल पोहून. भिजू दे जरा, उतरू दे माज. दोर दारामागं खुंटीला होता. मी बसल्या जागेवरून बघत होते त्याच्याकडं.

तव्यावर भाकरी होती. ती भाजली. टोपलीत टाकली. दुसरी थापली. हाक येत होती. तिसरी थापली. तिसरी फुगली तेव्हा हाक थांबली होती.

तीन भाकरी. तिच्या आईनं त्याच बघितल्या. गरम होत्या अजून.

सगळं नाही लिहिलं. लिहिते. तिला पोहता येत नाही हे मला दुसऱ्या भाकरीलाच कळलं होतं. हाकेवरून कळतं माणसाला. कळलं, आणि मी तिसरी थापली.

माझा भाऊ आठवत होता मला. पाट मांडलेला, रिकामा.

प्रिये, हे तू वाच. मग माझ्याकडं बघ किंवा बघू नकोस. तुझा मामा तुला—

अकरा वाजले. टँकर आला खाली. झाकण ओढल्याचा आवाज.

प्रियाची खोली उघडी. अंथरूण ओलं. दार सताड—

हाक येतेय. खालून. अकरा मजले खालची हाक वर ऐकू येत नाही, मला ठाऊक आहे. तरी येतेय.

आत्याबाई—

कोण मारतंय तेही ठाऊक आहे. गेले तर मी. नाही गेले तर पोर. दोघी मायलेकी काठावर बसून बघतायत, मी काय करते—

लिहीत बसलेय मी. तेव्हा भाकरी, आता वही—

लिहिलेली पानं फाडून डब्यात कोंबली. मावली. वर रेती नाही. भरलं गं तुझं भांडं, सोजरे—

जळका वास येतोय. भाकरी करपली. करपू दे. दोर नाही घरात, लुगडं आहे अंगावर, तेच सोडीन खाली— पुन्हा हाक, पहिल्यापेक्षा बारीक— आले गं, धर, दम धर, आत्याबाई आ